एका दमातला षटकार

जासईच्या हिरामण घरतांना देवानं बरंच काही दिलं होतं, पण हळू बोलणं काही दिलं नव्हतं. जेवताना त्यांनी मीठ मागितलं की तिसऱ्या घरातली बाई मीठ घेऊन यायची. कंटेनर यार्डात नोकरीला होते तेव्हा सगळ्यांच्या हातात वॉकीटॉकी आले, फक्त हिरामणदादांना दिला नाही. क्रेनमध्ये वर बसलेल्या माणसाला त्यांचं खालून बोललेलं तसंच ऐकू जायचं, आणि त्यांनी तोंडापुढे यंत्र धरलं की पलीकडचं यंत्र बिघडायचं, असं सुपरवायझर शपथेवर सांगायचा.

हा आवाज गावाच्या खरा कामी आला तो मैदानावर. भाताची कापणी उरकली की उरण तालुक्यात दुसरं पीक येतं, टेनिस बॉल क्रिकेटचं. गावागावांचे सामने, मांडव, बक्षिसाला मोटारसायकल नाहीतर बोकड, आणि माइकवर समालोचक. हा समालोचक म्हणजे टीव्हीवर टाय लावून बसतो तसला नव्हे. यानं आगरी बोलीत फलंदाजाची, त्याच्या मामाची आणि मामानं कुठली जागा कितीला विकली याची बित्तंबातमी देत सामना सांगायचा असतो. हिरामणदादांचा त्यात हात धरणारा कोणी नव्हता. चेंडू उंच उडाला की ते ‘गेलाऽऽ’ म्हणून जो सूर धरायचे तो चेंडू खाली येईपर्यंत सोडायचे नाहीत. चेंडू कुठं चाललाय, वारा कुठला आहे, खाली कोण उभा आहे आणि मागच्या वर्षी त्याच्या हातून काय काय सुटलं, सगळं एका दमात. खेळाडूंना तर इतकी सवय झाली होती की उन्हाची तिरीप आली तरी ते दादांच्या आवाजावर कॅच घ्यायचे. सूर चालू आहे म्हणजे चेंडू वर आहे, सूर थांबला म्हणजे पडला.

असा माणूस गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियानं आडवा झाला. नेरूळच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर ठेवलं. त्यांच्या बायकोनं, गोजराबाईंनी, नवस बोलायचा एकही देव शिल्लक ठेवला नाही. शेवटी दादा घरी आले. एक्स-रे स्वच्छ, फुप्फुसं स्वच्छ, सगळे रिपोर्ट लग्नाच्या पत्रिकेसारखे छान. फक्त माणूस तीन शब्द बोलला की थांबायचा. “गोजरा, जरा चहा...” इथपर्यंत यायचे, श्वास घ्यायचे, आणि पुढचं “दे” येईपर्यंत चहा निवलेला असायचा.

तरी सीझनच्या पहिल्या सामन्याला दादा हट्टानं माइकवर बसले. त्यांचा पुतण्या मिथुन लाँगऑनला उभा होता. चेंडू उडाला, दादांनी ‘गेलाऽऽ’ म्हणून सूर धरला, आणि तो अर्ध्यातच तुटला. चेंडू पडला असं समजून मिथुननं निवांत मान खाली घातली आणि पॅन्ट वर ओढली. चेंडू अजून वरच होता. तो आला तो सरळ मिथुनच्या कपाळावर. टेनिसचा बॉल म्हणून निभावलं, पण कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं आणि सामना गेला.

मिथुन टेंगळावर बर्फ लावत दादांच्या शेजारी येऊन बसला. “काका, तुमी आता आराम करा,” तो म्हणाला. “फायनलला माइक मी घेतू. मोबाइलवं आवाज पन हायेत, टाल्यांचं, हसन्याचं.”

त्यानं हे मायेनं म्हटलं, आणि तेच दादांना जास्त झोंबलं. कोणी भांडून माइक काढून घेतला असता तर दादा भांडले असते. पुतण्या डोक्याला बर्फ लावून काळजीनं बोलतोय, त्याच्याशी कसं भांडणार? त्या दिवशी दादा जेवले नाहीत. फायनलचा माइक गेला तर जगून काय उपयोग, असं ते गोजराबाईंना म्हणाले, अर्थात तीन हप्त्यांत.

पुढच्या तपासणीला हॉस्पिटलात गेले तेव्हा त्यांना डॉक्टर श्रुती भेटल्या. तरुण मुलगी, बोलणं झपझप, पायांत बूट पळायचे. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसांना दम का लागतो यावर तिचा अभ्यास चालू होता. तिनं दादांना सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी होती. त्या पाटीखाली पोट उघडं टाकून पडायची दादांना अशी काही लाज वाटली की त्यांनी टॉवेलनं तोंड झाकून घेतलं. गोजराबाई बाहेर होत्या म्हणून बरं, नाहीतर गावात पेढे वाटले असते.

“काका, तोंड कशाला झाकताय, हे बघा ना,” श्रुतीनं पडदा त्यांच्याकडे फिरवला. “फुप्फुसांच्या खाली हा स्नायूचा पडदा असतो. श्वासपटल. तो खाली गेला की हवा आत येते. तुम्ही मशीनवर होता तेव्हा तुमचा श्वास मशीननं घेतला, हा बसून राहिला. बसून बसून बारीक झाला. फुप्फुसं ठीक आहेत तुमची. त्यांना ओढणाराच कमजोर पडलाय.”

दादांनी टॉवेल काढला. पडद्यावर एक करडी रेघ कशीबशी वरखाली होत होती. “म्हंजे सीझनभर... बाहेर बसवलेला... प्लेयर,” ते म्हणाले.

“अगदी तसंच.”

दादांना त्या रेघेची दया आली. आपल्याच पोटातल्या कुणाची तरी दया यायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

श्रुतीनं मग अभ्यासाचं समजावलं. मुठीएवढं एक यंत्र मिळेल, सकाळ-संध्याकाळ तोंडात धरून त्यातून श्वास आत ओढायचा. यंत्रं दोन तऱ्हेची आहेत, बाहेरून अगदी सारखी. कुणाला कुठलं द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो.

“त्यातला चांगला... कंचा?”

“तेच तर शोधायचंय, काका. कुणाकडे कुठलं आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. मला कळलं तर मी नकळत एखाद्याला झुकतं माप देईन.”

हे दादांना लगेच पटलं. त्यांच्याकडेही फायनलचा पंच लांबच्या गावचा आणतात, कोण कुणाचा जावई हे त्याला ठाऊक नसावं म्हणून. श्रुतीनं एक नियम मात्र दोनदा सांगितला. दुसऱ्या पेशंटला आपलं यंत्र दाखवायचं नाही, त्याचं बघायचं नाही. दादांनी तिच्याच डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. शब्द देताना ते खरंच मनापासून देत होते, हे इथं सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे झालं ते ऐकून कुणाचाही उलटा समज होईल.

दर शनिवारी तपासणी असे. मुलगा कामावर जाताना सोडायचा म्हणून दादा तासभर आधीच बाकावर येऊन बसायचे. दुसऱ्या शनिवारी शेजारी एक गोरे, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ बसले होते. श्यामसुंदर पाध्ये, बँकेतून निवृत्त, सीवूड्सच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. हेही अशाच आजारातून उठलेले. दोघांचाही दम सारखाच तोकडा, त्यामुळे ओळख फार सावकाश झाली.

“आपण जरा...” पाध्ये म्हणाले आणि श्वासासाठी थांबले.

“जासईचा,” दादांनी तेवढ्यात उत्तर देऊन टाकलं.

“...सरकता का?”

सरकून झाल्यावर पाध्येसाहेबांनी आपलं दुःख सांगितलं. सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्यांवरून मोठी रणधुमाळी चालू होती. महिन्याभरात विशेष सभा होती. साहेबांना त्या सभेत बोलायचं होतं, पण ते श्वास घ्यायला थांबले की चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मध्ये घुसायचे. आजारातून उठल्यापासून साहेबांचं एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचलं नव्हतं. घरी पत्नी नंदिनीबाई त्यांची वाक्यं पूर्ण करायच्या, पण त्या आपल्या सोयीनं करायच्या.

“आणि हे यंत्र...” साहेबांनी पिशवीतून ते काढलं. “ओढलंच जात नाही. घेरी येते.”

आता दादांनी मान फिरवायला हवी होती. शब्द दिला होता. पण मैदानावर सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ एकमेकांचा बॉल हातात घेऊन दाबून बघतात, त्याला कोणी नाही म्हणत नाही. उलट नाही बघितला तर समोरच्याला अपमान वाटतो. दादांचा हात सवयीनं पुढं झाला.

“दाखवा. चेक करतू.”

“अहो, नियम आहे...” पण साहेबांचं वाक्य नेहमीप्रमाणे अर्ध्यावर राहिलं आणि यंत्र दादांच्या हातात गेलं. दादांनी ते टॉवेलनं खसाखसा पुसलं, तोंडात धरलं आणि ओढलं. गालफडं आत गेली, डोळे बाहेर आले, हवा काही येईना. मग त्यांनी आपलं काढून साहेबांना दिलं. साहेबांनी खिशातलं सॅनिटायझर काढून ते तीनदा पुसलं आणि जपून ओढलं. श्वास सुळकन असा आत गेला की त्यांना ठसका लागला.

दादांनी निकाल दिला. “तुमचा जाम हाय. मशीनच... खराब दिला तुमाला.”

साहेबांचा चेहरा पार उतरला. एवढासा माणूस, सभा तोंडावर, आणि त्याच्या वाट्याला बिघडलेलं यंत्र. आपल्याकडे चांगलं सुळसुळीत असताना आपण बघत बसायचं? घरातल्या पाहुण्याला करपलेली भाकरी वाढून आपण फुललेली खायची, असली रीत जासईत नव्हती.

“माझा घ्या,” दादा म्हणाले. “मी यार्डातला मानूस. जाम झालेला लॉक... मी लाथंन खोलला हाय. हा पन खोलतू.”

साहेबांनी नको म्हटलं, पण फार जोर लावून म्हटलं नाही. तोंडात धरायची नळी ज्याची त्यानं आपली ठेवावी, एवढी एकच अट घातली. दादांनी ती मान्य केली. नळ्या काढून आपापल्या ठेवल्या, यंत्रं बदलली, आणि श्रुतीनं नाव पुकारलं तेव्हा दोघंही शाळेतल्या पोरांसारखे ताठ बसले होते.

घरी आल्यावर दादांनी त्या जाम यंत्राशी जे वैर धरलं ते बघण्यासारखं होतं. सकाळी ओट्यावर बसून ओढायचे, संध्याकाळी मागच्या दारी बसून ओढायचे. मध्ये एकदा दिलासा म्हणून त्याला दोन शिव्याही दिल्या. यंत्र काही सुटं होईना, पण दादा सोडणाऱ्यातले नव्हते. पाध्येसाहेबांचं यंत्र दुरुस्त करून परत द्यायचं, हा त्यांनी इज्जतीचा प्रश्न केला होता.

तिकडे सीवूड्सला साहेबांच्या मनाला वेगळाच घोर लागला. एका भोळ्या माणसाचं चांगलं यंत्र आपण लाटलं, असं त्यांना वाटायचं. त्याची भरपाई म्हणून ते दर शनिवारी नंदिनीबाईंच्या हातच्या कडबोळ्यांचा डबा आणू लागले. दादांना त्याचं कारण कळलं नाही, पण त्यांनी डबा रिकामा परत करणं शक्य नव्हतं. त्यांनी त्यात सुकट भरून पाठवली. तो वास कुठल्या फ्लॅटमधून येतोय याची सोसायटीत आठवडाभर चौकशी चालली, आणि सेक्रेटरी म्हणून ती चौकशी साहेबांनाच करावी लागली.

महिन्याभरानं श्रुतीनं दोघांचीही मोजणी केली. दादांनी मीटरच्या नळीतून श्वास ओढला तर काटा असा उडाला की ती खुर्चीतून उठली. सोनोग्राफीत ती करडी रेघ चांगली जाड झाली होती, ठणठणीत वरखाली करत होती. दादा तिच्याकडे बघून “शाब्बास रं पोऱ्या” म्हणाले, आणि तेही न थांबता. मग पाध्येसाहेब आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचा काटा होता तिथंच होता.

“रोज करताय ना नियमानं?” श्रुती दारात त्यांना विचारत होती.

“अगदी... नियमानं,” साहेब म्हणाले, आणि ‘नियम’ शब्दावर दोघंही पेशंट एकदम जमिनीकडे बघू लागले.

गावात आनंदीआनंद झाला. मिथुननं दादांची परीक्षा घेतली. स्वतः चेंडू आकाशात फेकला आणि दादांनी तो खाली येईपर्यंत सूर धरला. मिथुननं पायांवर डोकं ठेवलं. फायनल रविवारी होती, माइक दादांचा झाला. दादांनी त्याच दमात जाहीर केलं की फायनलला प्रमुख पाहुणी डॉक्टर श्रुती असेल, आणि पाध्येसाहेबांनाही जोडीनं आमंत्रण आहे.

शुक्रवारी पाध्येसाहेबांचा फोन आला. सभा झाली होती.

“मी उभा राहिलो,” साहेब म्हणाले. “म्हटलं... पाहुण्यांच्या गाड्या आत घेऊ नयेत... आणि श्वास घ्यायला थांबलो.”

“मग?”

“चौथ्या मजल्यावरचे म्हणाले... सेक्रेटरींचाही पाठिंबा आहे. टाळ्या. ठराव मंजूर.” बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. “मला पुढं... बोलायचं होतं हो.”

“पुढं कं बोलाचा होता?”

“जाऊ द्या,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

दादा फोन हातात धरून ओट्यावर उभे राहिले. समोर अंगणात मिथुन रविवारची तयारी करत होता. दोन बॅटी एकत्र धरून हवेत फिरवत होता, घामानं निथळत होता.

“दोन कंला रं घेतल्यास?” दादांनी विचारलं.

“जड फिरवला की हातान ताकद येते काका. मंग एक बॅट हलकी लागते.”

दादा खाली बसले. हे त्यांनी स्वतः माइकवरून शंभरदा सांगितलं होतं. जड फिरवला की ताकद येते. ओट्याच्या कोपऱ्यात ते जाम यंत्र पडलं होतं, आणि ते जाम नव्हतंच. ते औषध होतं. पाध्येसाहेबांच्या नशिबानं आलेलं औषध दादांनी दया दाखवून हिसकावून घेतलं होतं, आणि बदल्यात त्यांना नुसती हवा दिली होती. वर त्यांची कडबोळी खाल्ली होती.

त्यांनी गोजराबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, “आताच फोन करा डॉक्टरनीला.”

“आता सांगितला तं ती मशीन काढून घेल. फायनल रविवारी हाय. सोमवारी सांगतू.”

गोजराबाईंनी सूप खाली ठेवलं. “दुसऱ्याच्या दमावं कं वरडताव तुमी?”

त्यांनी फक्त एवढंच विचारलं आणि सूप उचललं. तरी त्यांनी फोन केला नाही. एक फायनल, एकच, मग सोमवारी काय व्हायचं ते होवो, असं ते मनाला दोन दिवस सांगत राहिले.

रविवारी मैदान फुलून गेलं. प्रमुख पाहुणी म्हणून श्रुतीला शाल, नारळ आणि फेटा मिळाला. फेटा तिच्या डोक्याला मोठा झाला होता आणि दर चौकाराला डोळ्यांवर येत होता. शेजारी पाध्येसाहेब आणि नंदिनीबाई बसले होते. दादा असे काही सुटले होते की माणसं सामना बघायचं सोडून मांडवाकडे बघत होती. समोर चिर्ले गावाचा संघ होता; त्यांच्या सलामीच्या फलंदाजाला दादांनी त्याच्या सासऱ्याच्या बांधकामावरून इतकं छेडलं की तो हसता हसता बोल्ड झाला.

मग शेवटचा चेंडू आला. चिर्ल्याला जिंकायला सहा हवे होते. त्यांच्या दांडग्या फलंदाजानं बॅट फिरवली, चेंडू सरळ आभाळात गेला आणि लाँगऑनला मिथुन उन्हात डोळे बारीक करून उभा राहिला. दादांनी पोटातून श्वास ओढला. श्वास आला, आणखी आला, ती करडी रेघ खाली खाली गेल्याचं त्यांना जाणवलं.

“गेलाऽऽ गेला गेला आभालान गेला, वारा खाडीकरचा हाय, खाली मिथुन हाय, मिथुनच्या डोक्याला मागच्या टायमाला टेंगूल आला व्हता तो माज्यामुलं आला व्हता...”

एवढ्यात त्यांची नजर पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे गेली. पाध्येसाहेब खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसले होते. छातीवर हात होता, तोंड उघडं होतं, आणि दादांच्या सुराबरोबर स्वतःचाही श्वास लांबवायचा प्रयत्न करत होते. जमत नव्हतं. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा धरला. दादांना ते बघवेना. चेंडू वरच होता, सूर चालू ठेवायलाच हवा होता, आणि तोंडात दुसरं काही येईना.

“...आनि डॉक्टरबाय हा दम माजा नाय, हा त्या पाध्येसाहेबांचा हाय, त्यांचा मशीन जड व्हता, मना वाटला जाम झाला, मी माजा हलका त्यांना दिला नि त्यांचा घेतला, दुसऱ्या शनवारी तुमच्याच बाकरावं घेतला, तुमाला दिलेला शब्द मोरला, शुक्रवारी मना समाजला तरी सांगितला नाय कारन मना ही फायनल पायजे व्हती, नि आता चेंडू खाली येतोय येतोय मिथुन हात वर कर आलाऽऽ!”

चेंडू मिथुनच्या हातात बसला. जासईनं फायनल जिंकली, आणि मैदानावर एकही माणूस ओरडला नाही. सगळे मांडवाकडे बघत होते. मिथुनसुद्धा चेंडू छातीशी धरून बघत होता.

श्रुती उठली. फेटा मागं सारून तिनं विचारलं, “दुसऱ्या शनिवारपासून?”

“व्हय.”

“काका, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? एकेक पेशंट मिळवायला मी किती वणवण केलीय! माझे दोन पेशंट बाद झाले!” ती इतकी चिडली होती की हातातला नारळ तिनं टेबलावर आपटला आणि तो फुटला. मागच्या रांगेतल्या दोन-तीन जणांनी शुभ समजून हात जोडले.

दादांनी शर्टाच्या खिशातून यंत्र काढलं. “बाद तं बाद, बाय. मना खुशाल बाद कर. पन साहेबांचा हाय त्यो साहेबांना दे.”

“थांबा,” पाध्येसाहेब उभे राहिले. “चूक माझी... मला नियम ठाऊक होता. मला वाटलं... ह्यांचं चांगलं यंत्र... मी लुबाडलं. म्हणून तर... कडबोळी...”

“कडबोळी ह्याच्यासाठी होती?” नंदिनीबाईंनी कपाळावर हात मारला. “आणि मी समजत होते, ह्यांना मित्र मिळाला.”

मग पहिल्यांदा कोणीतरी हसलं, आणि हसू सगळ्या मैदानभर गेलं. श्रुतीला रागावून राहायचं होतं, पण फेटा पुन्हा डोळ्यांवर आला आणि ते जमलं नाही. ती म्हणाली, “दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, एवढं लक्षात ठेवा. गावात सांगत सुटू नका. आणि तुम्ही आता अभ्यासात नाही, म्हणजे माझे नियमही तुम्हाला नाहीत. उद्या दोघंही या. दोघांनाही जड देते आणि समोर बसवून करून घेते. आणि बाक वेगवेगळे.”

दादांना बरं वाटलं, पण पुरतं नाही. त्यांच्या हातात अजून माइक होता. त्यांनी तो घट्ट धरला होता, इतक्या महिन्यांनी मिळालेला. मग ते आपल्या जागेवरून उठले आणि पाध्येसाहेबांसमोर येऊन उभे राहिले.

“साहेब, त्या दिशी फोनवं विचारला, तुमी बोलला नाय. पुढं कं बोलाचा होता तुमाला?”

“इथं?” साहेबांनी मैदानाकडे बघितलं.

“हितंच.” दादांनी माइक त्यांच्या हातात दिला.

साहेबांनी माइक दोन्ही हातांनी धरला. “पाहुण्यांच्या गाड्या...” आवाज मैदानभर गेला तेव्हा ते स्वतःच दचकले. “...आत घेऊ नयेत...”

ते श्वासासाठी थांबले. मागून कोणीतरी “अरे मंग ठेवाच्या कुठं?” म्हणून ओरडायला तोंड उघडलं. दादांनी मागं वळून न बघता हात वर केला.

“गप ऱ्हा रं. मानूस दम घेतोय.”

जासईचं मैदान गप्प झालं. जे गाव भूसंपादनाच्या साहेबांपुढं कधी गप्प बसलं नव्हतं, ते एका सेक्रेटरीचा श्वास यायची वाट बघत उभं राहिलं. चिर्ल्याची माणसंही उभी राहिली. पाध्येसाहेबांनी सावकाश श्वास घेतला, लागला तेवढा वेळ घेतला.

“...असं काही जण म्हणतात,” ते म्हणाले. पुन्हा थांबले. कोणी हललं नाही. “पण घरी आलेल्या माणसाला... रस्त्यावर उभं करणं... आपल्याला शोभत नाही.”

वाक्य संपलं होतं. ते संपलंय याची खात्री व्हावी म्हणून लोक अजून थोडं थांबले. मग दादांनी विचारलं, “झाला?”

“झालं,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मंग मंजूर!” दादा माइकशिवायच गरजले, आणि मैदानानं दोन्ही हात वर करून ठराव पास केला. सीवूड्सच्या त्या सोसायटीला याची कल्पनाही नव्हती.